भाच्याचं व्हीपीएन आणि ताईंची वही

वाचकाचं पत्र

नमस्कार भाऊ, गोव्यात सत्तरी तालुक्यात होंडा गावाजवळ आमचा काजूचा लहानसा कारखाना आहे, म्हापशाला दुकान आहे आणि राहते साखळीला. यजमान गेल्यापासून सगळं मीच बघते. कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर हिशेबाची टॅली आहे आणि चार कॅमेरे आहेत. गेल्या वर्षापर्यंत कॅमेरे घरबसल्या मोबाइलवर दिसायचे. जूनमध्ये इंटरनेटवाला बदलला, फायबर आलं आणि कॅमेरे दिसायचे बंद झाले. विचारलं तर म्हणतात, 'तुम्हाला पब्लिक आयपी नाही.' माझा भाचा फर्मागुडीला इंजिनिअरिंग शिकतो. तो म्हणतो, मावशी, डिसेंट्रलाइज्ड पीअर-टू-पीअर व्हीपीएन घालूया; मध्ये सर्व्हर नाही, कंपनी नाही, महिन्याचा खर्च नाही. उलट रात्री आपलं नेट रिकामं असतं, ते भाड्यानं दिलं तर चार पैसे मिळतील. दीर म्हणतात, भारतात व्हीपीएनवर बंदी आहे, पोलीस दारात येतील. दुबईचा मुलगा म्हणतो, काहीही कर पण मला टॅली दिसली पाहिजे. मला यातलं काही कळत नाही. एवढंच वाटतं की मध्ये कुणीच नाही, तर उद्या बिघडलं की विचारायचं कुणाला?
– एक काजूवाली, साखळी

उत्तर

ताई, भाच्याला अर्धी परवानगी द्या. कारखाना, दुकान, घर आणि दुबईचा लॅपटॉप एका खासगी जाळ्यात बांधतो म्हणतोय, ते त्याला करू द्या. रात्रीचं नेट भाड्यानं द्यायचं मात्र डोक्यातून काढून टाकायला सांगा. दोन्ही मालांवर 'व्हीपीएन', म्हणजे इंटरनेटवरून जाणारी खासगी बंद वाट, हे एकच लेबल लावलेलं असतं, म्हणून पोराचा घोटाळा झाला. त्याला रागावू नका, भल्याभल्यांचा होतो.

भाड्याचं आधी संपवतो, कारण त्यात फार विचार करण्यासारखं काही नाही. मिस्टेरियम, सेंटिनल अशी नावं त्यानं तुमच्यासमोर घेतली असतील. यात तुमचं कनेक्शन अनोळखी माणसाला बाहेर पडायचं दार म्हणून वापरायला मिळतं आणि बदल्यात तुमच्या खात्यात क्रिप्टोची नाणी पडतात. तो माणूस तुमच्या दारातून बाहेर पडून सिनेमा बघेल, नाहीतर कुणाच्या बँक खात्यात हात घालेल. बाहेरून बघणाऱ्याला पत्ता तुमचाच दिसणार. २०१५ साली होला नावाच्या फुकट व्हीपीएनचं बिंग फुटलं. लाखो लोक ते वापरत होते आणि त्यांचीच कनेक्शनं कंपनी दुसऱ्या नावाखाली विकत होती. एका संकेतस्थळावर हल्ला करायलाही ती वापरली गेली. फुकट मिळालं म्हणून घेतलेल्यांना आपण भाड्यानं गेलो आहोत याचा पत्ताच नव्हता. शिवाय घेतलेलं नेट तिसऱ्याला विकू नये असं कनेक्शनच्या करारात बहुतेक वेळा लिहिलेलं असतं. तो कागद आपण कुणी वाचत नाही, एवढंच. दीर ज्या पोलिसांची भीती घालतात, ते या वाटेनं खरोखर येऊ शकतात.

बाकी दिरांचं म्हणणं चुकीचं आहे, पण हवेतून आलेलं नाही. २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं आदेश काढला, की लोकांना व्हीपीएन सेवा विकणाऱ्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, त्याला दिलेला आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, ही माहिती पाच वर्षं जपून ठेवायची. नॉर्ड, एक्स्प्रेस, सर्फशार्क यांनी ते न मानता भारतातले सर्व्हर उचलले. मथळे वाचणाऱ्यांच्या लक्षात 'व्हीपीएन बंद' एवढंच राहिलं. धंद्यानं आपल्या माणसांसाठी आतल्या आत चालवलेलं व्हीपीएन त्या आदेशात धरलेलं नाही, असा खुलासा पुढच्याच महिन्यातल्या प्रश्नोत्तरांत झाला. साखळीत बसून स्वतःच्या होंड्याच्या कारखान्याचा कॅमेरा बघणं हा गुन्हा नाही. दिरांना एवढं वाचून दाखवा.

आता कॅमेरे का गेले ते बघू. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत, म्हणजे आयपीव्ही४ मध्ये, पत्ते सगळे मिळून साधारण ४२९ कोटी. जगाच्या मुख्य कोठारातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून झाले आणि आशियाच्या वाट्याची कणगी त्याच एप्रिलमध्ये तळाला गेली. तेव्हापासून पुरवठादार एकाच पत्त्यामागे शेकडो घरं बसवतात. याला सीजीनॅट म्हणतात. तुमच्याकडे तेच आहे का, हे भाच्याला पाच मिनिटांत तपासता येईल. राउटरच्या पानावर 'वॅन' समोर जो आकडा दिसतो तो लिहून घ्यायचा आणि मग गूगलला 'माझा आयपी' विचारायचा. दोन्ही आकडे जुळले नाहीत, आणि राउटरवरचा १००.६४ ते १००.१२७ यांच्यामधला असला, तर शंका नको. हा पट्टा २०१२ साली याच कामासाठी राखून ठेवला गेला.

पूर्वी कॅमेरे दिसायचे ते कॅमेरेवाल्यानं राउटरला पाडलेल्या भोकातून. त्याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. खरं सांगू का, ते भोक बुजलं हे बरंच झालं. जगातली माकडं रात्रंदिवस अशी भोकं धुंडाळत फिरत असतात. २०१६ मध्ये मिराय नावाच्या किड्यानं अशाच उघड्यावर टाकलेल्या कॅमेऱ्यांचा आणि डीव्हीआरांचा, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या डब्यांचा, कब्जा घेतला. काय फोडलं म्हणाल, तर काही नाही. कारखान्यातून आलेले पासवर्ड कुणी बदललेच नव्हते. त्या कॅमेऱ्यांच्या फौजेनं २१ ऑक्टोबर २०१६ ला अमेरिकेतली मोठमोठी संकेतस्थळं काही तास आडवी केली. कुणाच्या तरी दुकानातल्या गल्ल्यावर रोखलेला कॅमेरा त्या लढाईत होता आणि दुकानदाराला त्याचा गंधही नव्हता. तुमच्या डीव्हीआरचा पासवर्ड बसवणाऱ्यानं दिला तोच असेल, तर पुढचं वाचायच्या आधी तो बदला.

म्हणूनच कुणी 'स्टॅटिक आयपी, म्हणजे कायमचा स्वतःचा पत्ता घ्या, पूर्वीसारखं करून देतो' म्हणालं तर नको म्हणा. महिन्याला पैसे भरून तेच भोक परत पाडायचं. त्यात हौशी माणूस टॅलीच्या कॉम्प्युटरचा रिमोट डेस्कटॉपही, म्हणजे तो दुरून चालवायची सोय, ३३८९ नंबरच्या पोर्टवर बाहेर उघडा ठेवतो, आणि एके सकाळी सगळ्या फायलींची नावं बदललेली असतात आणि स्क्रीनवर खंडणीची चिठ्ठी असते.

भाचा सांगतोय ती युक्ती वेगळी आहे आणि ती सुंदर आहे. होंड्याच्या गेटवर एक वॉचमन आहे असं धरा, म्हापशाच्या इमारतीखाली दुसरा. दोघांना हुकूम एकच: बाहेरून आलेल्याला सोडायचं नाही, पण आतून कुणी ज्याच्याकडे गेलं असेल, त्याच्याकडून उत्तर घेऊन आलेल्याला सोडायचं. आता होंड्याला म्हापशाशी बोलायचंय. दोघांनाही ओळखणारा तिसरा माणूस बाहेर आहे. तो दोघांना एकमेकांचा पत्ता देतो आणि म्हणतो, आत्ता, या क्षणी, दोघंही एकमेकांकडे माणूस धाडा. दोन्हीकडून माणसं निघतात. होंड्याच्या वॉचमनला वाटतं, म्हापशाकडून आलेला हा आपल्याच माणसाचं उत्तर घेऊन आलाय. म्हापशाच्या वॉचमनलाही तसंच वाटतं. दोन्ही गेटं उघडतात आणि तिसरा माणूस बाजूला होतो. यापुढे माल थेट जातो, तोही कुलूपबंद पेटीतून. पेटीची किल्ली फक्त त्या दोन टोकांना. गेटं पुन्हा मिटू नयेत म्हणून अधूनमधून रिकामा निरोप धाडत राहायचं, दर पंचवीस सेकंदांनी वगैरे.

काही वॉचमन मात्र खट असतात. माणूस कुणाकडे जातोय ते बघून दर वेळी नवा बिल्ला देतात, त्यामुळे तिसऱ्यानं सांगितलेला पत्ता पोचेपर्यंत शिळा होतो. मग थेट भेट होत नाही आणि सगळा माल तिसऱ्याच्या ओसरीवरून फिरून जातो. पेटी तिथंही बंदच असते, त्याला आतलं दिसत नाही. वेळ तेवढा जास्त लागतो. सोयरिकीतल्या मध्यस्थासारखंच आहे हे. पोरंपोरी एकमेकांशी बोलायला लागली की त्याचं काम संपतं, आणि नाही लागली तर साखरपुड्यापर्यंत निरोप त्यालाच पोचवावे लागतात.

तर हा तिसरा माणूस कोण, आणि जाळ्यात कुणाला घ्यायचं याची यादी कुणाच्या हातात, एवढंच बघायचं असतं. 'मध्ये कुणी नाही' असं म्हणणाऱ्या प्रत्येक सॉफ्टवेअरला मी हाच प्रश्न विचारतो, आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं.

भाच्याच्या मनातलं खरंखुरं बिनमालकाचं म्हणजे टिंक. १९९८ पासूनचं आहे. त्यात प्रत्येक मशीनकडे ओळखीच्या मशीनच्या सार्वजनिक किल्ल्यांच्या, म्हणजे खासगी किल्लीच्या सगळ्यांना देता येणाऱ्या जोडीदारांच्या, फायली असतात आणि कोण कुठे आहे हे मशीन एकमेकांना सांगत राहतात, वाड्यावर बातमी फिरते तशी. ना कंपनी, ना खातं, ना पासवर्ड. मी स्वतः ते बरीच वर्षं चालवलं आणि अजून त्याच्याबद्दल माया आहे. पण तुमची सगळी ठिकाणं सीजीनॅटच्या मागे असतील तर पहिली हाक कोण कुणाला मारणार? निदान एक मशीन उघड्या पत्त्यावर लागतंच. म्हणजे महिन्याच्या भाड्यानं कुठेतरी छोटा सर्व्हर आला. तो अपडेट करायला भाचा आला. नोकरी लागून तो बेंगळुरूला गेला की तुम्ही मला दुसरं पत्र लिहिणार.

दुसरं नेब्युला. स्लॅक कंपनीनं स्वतःच्या हजारो सर्व्हरांसाठी केलं आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये सगळ्यांना खुलं केलं. त्यातल्या तिसऱ्या माणसाला लाइटहाउस म्हणतात. नाव चपखल आहे. आग्वादचं जुनं दीपगृह १८६४ चं. त्यानं जहाजांना वाट दाखवली, माल काही वाहून नेला नाही. नेब्युलात प्रत्येक मशीनला दाखला लागतो आणि त्या दाखल्यावर सही करणारी एक मूळ किल्ली असते. ती एका फाइलीत राहते. ज्याच्याकडे ती फाइल, तो जाळ्याचा भाटकार, म्हणजे जमीनमालक.

माझी फजिती इथली. डिचोली आणि पेडणे अशी दोन दुकानं असलेल्या एका मित्राला मी नेब्युला घालून दिलं. बिल घेतलं नाही, माशांचं जेवण घेतलं. वर्षभर कुरकुर नाही. मग गणेशचवथीच्या आदल्या दिवशी, गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायची लगबग चाललेली, त्याचा फोन: दोन्ही दुकानं एकमेकांना दिसत नाहीत. राउटर बंद-चालू केला, पुरवठादाराला शिव्या घातल्या, दोन तास त्यात गेले. मग आठवलं. मूळ दाखला काही न सांगता बनवला तर त्याची मुदत एक वर्षाची असते, आणि त्याच्या सहीचे बाकीचे दाखलेही त्याच्याबरोबरच मरतात. मी तो गेल्या वर्षी याच तारखेला बनवला होता. सॉफ्टवेअर बिचारं लिहिल्याप्रमाणे वागलं. वर मूळ किल्लीची फाइल माझ्या जुन्या लॅपटॉपवर, आणि तो लॅपटॉप दुरुस्तीला. मध्ये कोण होतं? मी होतो. कंपनीपेक्षा बेभरवशाचा.

म्हणून तुम्हाला मी आज टेलस्केल किंवा झीरोटियर यांपैकी एक घ्यायला सांगतो, भाचा नाक मुरडेल तरी. यात ओळख करून देणारा तिसरा माणूस म्हणजे ती कंपनी. माल शक्यतो थेट जातो, जमलं नाही तर त्यांच्या ओसरीवरून, पण बंद पेटीत. टेलस्केलच्या पोटात ती बंद पेटी बनवणारं वायरगार्ड नावाचं सॉफ्टवेअर आहे. मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ आवृत्तीत ते थेट कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, घेतलं गेलं. त्याचा मूळ कोड जेमतेम चार हजार ओळींचा, म्हणजे एका माणसाला बसून वाचता येईल एवढा. प्रत्येक मशीनची खासगी किल्ली त्या मशीनवरच जन्मते आणि तिथेच राहते. कंपनीकडे जाते ती नुसती सार्वजनिक किल्ली.

मग कंपनीच्या हातात काय उरतं? यादी. कोण आत आणि कोण बाहेर, ती वही त्यांच्याकडे. वहीत कुणी खोटं नाव घुसवलं तर तो पाहुणा तुमच्या घरात. यावर टेलस्केलमध्ये 'टेलनेट लॉक' म्हणून सोय आहे, जिच्यात नव्या मशीनवर तुमच्याच आधीच्या मशीनची सही लागते. तुमच्या आकाराच्या धंद्याला ते सुरुवातीपासून लावलंच पाहिजे असं मी म्हणणार नाही, पण आहे हे माहीत असू द्या. झीरोटियर घेतलंत तर जाळं 'प्रायव्हेट' ठेवायचं. तिथं जाळ्याला सोळा अक्षरांचा नंबर असतो. 'पब्लिक' ठेवलं तर तो नंबर ज्याला कळला तो आत. प्रायव्हेटमध्ये प्रत्येक मशीनला तुम्ही खूण करून आत घ्यायचं. आणि पुढे भाचा किंवा त्याच्यासारखा कुणी कायमचा हाताशी राहिला, तर हेडस्केल नावाचं खुलं सॉफ्टवेअर आहे, टेलस्केलची वही स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायला. आज नको.

पैशांचं म्हणाल तर दोन्हीकडे लहान वैयक्तिक वापर फुकट आहे. तुमचा धंदा आहे. धंद्यासाठी वेगळे दर असतात. अटींचं पान उघडून भाच्याला मोठ्यानं वाचायला सांगा. चार पैसे पडले तर द्या. फुकटची हाव कुठे नेते ते वर लिहिलंच आहे.

आता ज्यावर मी खरोखर अडून बसेन ती गोष्ट. टेलस्केलला स्वतःचं खातं नसतं. गूगल, मायक्रोसॉफ्ट, ॲपल यांपैकी एखाद्या खात्यानं आत शिरायचं. भाचा सवयीनं स्वतःच्या जीमेलनं शिरेल. मुद्दाम नाही, हाताशी असतं म्हणून. आणि मग कारखान्याच्या जाळ्याची वही एका विद्यार्थ्याच्या जीमेलमध्ये जाऊन बसेल. उद्या त्याचा फोन मिरामारला पाण्यात पडला की तुमची वहीही बुडाली. तेव्हा आधी धंद्याच्या नावानं नवं ईमेल खातं काढा. त्याचा फोन नंबर तुमचा, दुसऱ्या टप्प्याचं कुलूप लावलेलं. त्या खात्यानं जाळं सुरू करा. मग भाच्याला आणि मुलाला आत घ्या. मुलाला व्यवस्थापकाचा हक्क द्या. आमच्या देवळाच्या फंडपेटीला दोन कुलपं आहेत आणि दोन किल्ल्या दोन घरांत. मोजणीच्या दिवशी एक घर मुंबईला गेलेलं असलं की सगळे बोटं मोडतात, पण पद्धत कुणी बदलत नाही. भाच्याला कामापुरता हक्क द्या, शिकवणीचा मान द्या, पेटीची किल्ली देऊ नका.

एवढं ठरलं की बाकीची कामं. क्रमानं सांगत नाही, जसं आठवेल तसं सांगतो. भाच्याला समोर बसवून वाचा.

डीव्हीआरमध्ये हे सॉफ्टवेअर घालता येत नाही. त्याच्याशेजारी सतत चालू असणारं एक मशीन लागतं, जे जाळ्यात असेल आणि कॅमेऱ्यांपर्यंतची वाट दाखवेल. जुना लॅपटॉप चालतो, रास्पबेरी पाय नावाचा चिमुकला कॉम्प्युटर चालतो, टॅलीचा कॉम्प्युटर रात्रभर चालू राहत असेल तर तोही. टेलस्केलमध्ये या कामाला 'सबनेट राउटर' म्हणतात.

इथेच भाचा हमखास एक संध्याकाळ घालवेल. कारखान्याचा राउटर १९२.१६८.१.१, घरचा राउटरही १९२.१६८.१.१, कारण दोन्ही डब्यांतून तसेच येतात. डीव्हीआर धरा १९२.१६८.१.५० वर. तुम्ही साखळीहून तो पत्ता मागितलात की तुमचा फोन त्याला घरातच शोधत बसतो. घरात त्या पत्त्यावर काहीच नसतं, किंवा टीव्ही असतो. मग सगळे व्हीपीएनला दोष देतात. उपाय साधा आहे: कारखान्याचं घरगुती जाळं बदलून १९२.१६८.४१ असं काहीतरी वेगळं करायचं, म्हापशाचं ४२. जाळं घालायच्या आधी हे करा. नंतर केलं तर प्रिंटर रुसतो.

टेलस्केल प्रत्येक मशीनला १०० नं सुरू होणारा स्वतःचा पत्ता देतं. सीजीनॅटच्याच पट्ट्यातला आहे तो. म्हणून मोबाइलवर १०० बघून 'अजून सीजीनॅट आहेच' म्हणून घाबरू नका.

आणि मुदत! माझी चवथ आठवा. टेलस्केलमध्येही मशीनची किल्ली, वेगळं काही सांगितलं नाही तर, १८० दिवसांनी शिळी होते आणि पुन्हा आत शिरायला सांगते. फोनला ते बरंच आहे. कारखान्याच्या मशीनला मात्र ही मुदत बंद करून ठेवा, नाहीतर ऐन मोसमात, बिया भाजायच्या दिवसांत, एके सकाळी कॅमेरे गायब होतील आणि कारण कुणाला सुचणार नाही.

टॅलीबद्दल नीट ऐका. दुबईच्या मुलाला कारखान्यातलं टॅलीचं फोल्डर शेअर करून, तिथल्या लॅपटॉपवरून थेट उघडू देऊ नका. टॅली सारखी लहानलहान फायली वाचत-लिहीत असते. शेजारच्या टेबलावरून ते चालतं, समुद्रापलीकडून रखडतं, आणि लिहिता लिहिता लाइन तुटली तर डेटा खराब होण्याची भीती. मुलानं रिमोट डेस्कटॉपनं कारखान्याच्या कॉम्प्युटरवर यावं, तोही फक्त या जाळ्यातून. म्हणजे टॅली होंड्यातच चालते, दुबईला जातं ते नुसतं चित्र. त्यासाठी कारखान्याच्या कॉम्प्युटरवर विंडोजची 'प्रो' आवृत्ती लागते. 'होम'वर बाहेरून असं येता येत नाही. आणि मुलगा त्या कॉम्प्युटरवर आला की तिथे बसलेल्या माणसाच्या समोरचा स्क्रीन बंद होतो, त्यामुळे वेळ ठरवून घ्या. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. तिकडची संध्याकाळ होईपर्यंत आपली माणसं घरी गेलेली असतात.

आपल्याकडे पावसात वीज जाणं-येणं चालूच असतं. राउटर आणि फायबरचा पांढरा डबा दोन्ही छोट्या यूपीएसवर घ्या. कॉम्प्युटरच्या बायोसमध्ये, म्हणजे तो सुरू होतानाच्या मूळ सेटिंगांत, 'वीज आली की आपोआप सुरू हो' अशी सोय असते, ती चालू करा. नाहीतर रात्री दोनला वीज येते, कॉम्प्युटर पडूनच राहतो, आणि जाळ्यातला मुख्य खांब सकाळी वॉचमन येईपर्यंत झोपलेला. गडगडाटात मात्र सगळ्या वायरी काढा, तिथे कुठलंही सॉफ्टवेअर मदतीला येत नाही.

सगळं झालं की भाच्याला एक चाचणी करून दाखवायला सांगा. घरचं वायफाय बंद करून, मोबाइल डेटा लॅपटॉपला देऊन, 'टेलस्केल पिंग' आणि पुढे कारखान्याच्या मशीनचं नाव. पहिल्या एकदोन ओळींत 'डर्प' आणि कंसात एखाद्या शहराची तीन अक्षरं दिसतील, बेंगळुरूची बहुधा. म्हणजे माल अजून मध्यस्थाच्या ओसरीवरून जातोय. मग अचानक एका ओळीत शहर जाऊन थेट पत्ता येतो आणि मिलिसेकंद खाली येतात. दोन वॉचमनांची गाठ पडली ती ही ओळ. मला ती बघायला अजून मजा येते. तुमच्याकडे थेट ओळ आलीच नाही तर निराश होऊ नका. कॅमेऱ्याचं चित्र ओसरीवरूनही येतं, थोडं अडखळत. म्हापशाला शुक्रवारच्या बाजारात दुकानात गर्दी असताना कारखान्याच्या वाळवणावर एक नजर टाकायला तेवढं पुरतं.

बिघडलं तर विचारायचं कुणाला, असं तुम्ही लिहिलंत. एक दोनशे पानी वही आणा. पहिल्या पानावर त्या नव्या ईमेलचा पत्ता. पासवर्ड तिथे नको, तो कपाटात बंद पाकिटात. पाकिटातच खात्याचे 'बॅकअप कोड', फोन हरवला तर लागणारे. दुसऱ्या पानावर मशीनची नावं, कुठे ठेवलंय, कुणी घातलं, कोणत्या तारखेला. तिसऱ्यावर राउटरांचे पत्ते, ४१ कुठला आणि ४२ कुठला. कारखाना सोडून कुणी गेला की त्याचा फोन यादीतून काढायचा आणि तारखेसकट वहीत रेघ मारायची. वही भाच्याच्या हातानं लिहून घ्या, पण त्यानं लिहिल्यावर प्रत्येक ओळ तुम्हाला समजावून सांगितली पाहिजे. जी ओळ त्याला समजावता येणार नाही, ती त्यालाही कळलेली नाही असं खुशाल धरा. उद्या कुणीही जाणकार आला तरी त्याला आधी ती वही लागेल. मित्राच्या दुकानांसाठी अशी वही मी केली असती तर ती चवथ वाचली असती.

राहिली दुबई. तिथे नियम आपल्यापेक्षा कडक आहेत. गुन्हा करायला किंवा लपवायला आयपी पत्ता फसवून वापरला, तर २०२१ च्या कायद्यानं पाच लाखांपासून वीस लाख दिरहॅमपर्यंत दंड आहे, कैदही होऊ शकते. आईच्या कारखान्याची टॅली बघणं त्यात बसत नाही. पण टेलस्केलमध्ये 'एक्झिट नोड' म्हणून एक बटण आहे. ते दाबलं की मुलाचं सगळं इंटरनेट होंड्यातून बाहेर पडायला लागेल, आणि तिथे अडवलेले व्हॉट्सॲप कॉल वगैरे सुरू होतील. मुलाला मोह होणार. ते बटण कारखान्याच्या मशीनवर चालूच करू नका, म्हणजे प्रश्न मिटला. आणि त्याला विचारा, लॅपटॉप स्वतःचा आहे की कंपनीचा. कंपनीचा असेल तर त्यावर हे घालायचं नाही. स्वतःचा घेईपर्यंत दर शनिवारी टॅलीची पीडीएफ काढून व्हॉट्सॲपवर पाठवा.